लोहगडावरचं धुकं आणि भाजे गावातलं पिठलं: ग्रुपबरोबर पहिल्यांदाच पावसाळी ट्रेकला निघालेल्यांसाठी

पहिल्यांदा ग्रुपबरोबर ट्रेकला गेले तेव्हा माझ्या अंगात जीन्स होती. दुपारपर्यंत ती भिजून अशी चिकटली की पायरी चढताना गुडघा वाकेना. संध्याकाळी सगळे पंगतीला बसले आणि मी पडवीच्या कडेला कुडकुडत उभी, कारण बदलायला कोरडं काही आणलंच नव्हतं. ज्यांच्या घरी जेवण होतं त्या मावशींनी शेवटी आतून स्वतःची साडी आणून दिली. त्या साडीखाली चिखलाचे बूट घालून मी लोकलने पुण्याला आले. पुढच्या रविवारी साडी धुऊन परत द्यायला गेले, तेव्हा पुन्हा जेवूनच यावं लागलं.

त्यानंतर दर पावसाळ्यात ऑफिसमधली, सोसायटीतली, ओळखीच्या ओळखीतली नवी मंडळी घेऊन मी त्या बाजूला जाते. तेच ते प्रश्न दरवेळी येतात, म्हणून एकदा नीट लिहून काढते आहे. लोहगडाचं उदाहरण घेते, कारण पुण्याहून लोकलने जाता येतं, वाट सोपी आहे आणि खाली जेवायला घरं आहेत.

१. एकच गड ठरवा

मळवली स्टेशनवर उतरून भाजे गावातून वर चढलं की गायमुख खिंड लागते. खिंडीच्या एका हाताला लोहगड, दुसऱ्या हाताला विसापूर. दोन्ही इतके जवळ दिसतात की 'आलोच आहोत तर दोन्ही करू' असं कुणीतरी म्हणतंच. म्हणू द्या. पहिल्या वेळी एकच करा, आणि तो लोहगड.

लोहगडाला खालपासून वरपर्यंत बांधीव पायऱ्या आहेत. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे एकापाठोपाठ लागतात, त्यामुळे धुक्यातही आपण कुठवर आलो ते कळतं. विसापूर लोहगडापेक्षा थोडा उंच आणि माथ्यावर खूप ऐसपैस. १८१८ मध्ये इंग्रजांनी घेतल्यावर त्याची बरीच बांधकामं पाडली. त्या पठारावर धुकं उतरलं की चारी दिशा सारख्या. त्याची गोष्ट पुढे सांगते, माझ्या अंगाशी आलेली आहे.

२. दिवस निवडताना कॅलेंडर नीट बघा

फक्त सुट्टी आहे का एवढंच बघू नका. तीन गोष्टी तपासा.

पहिली, गर्दी. जुलै-ऑगस्टच्या रविवारी लोहगडाच्या पायऱ्यांवर रेशनच्या दुकानासारखी रांग असते. दरवाजात माणसं अडकतात, वरचे उतरू शकत नाहीत, खालचे चढू शकत नाहीत. ओल्या दगडावर मागून रेटा आला तर पकडायला काही नसतं. आठवड्यातली एक रजा टाका. ते जमत नसेल तर शनिवारी पहिल्या लोकलने या.

दुसरी, आदेश. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्यानंतर पुण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी पावसाळी पर्यटनाच्या जागांवर निर्बंध घातले. असे आदेश कधी ठरावीक दिवसांसाठी, कधी ठरावीक जागांसाठी निघतात. त्यामुळे निघण्याच्या आदल्या दिवशी बातम्या आणि हवामान खात्याचा इशारा दोन्ही बघा. रेड अलर्ट असेल तर ट्रेक रद्द, त्यावर चर्चा नाही. ऑरेंजला मी स्वतः नवी माणसं नेत नाही.

तिसरी, तिथी. हसू नका. आखाडात गेलात तर आसपासचे ढाबे आखाड पार्ट्यांनी भरलेले असतात, आणि गटारीच्या आधीच्या शनिवार-रविवारी तर त्या बाजूला फिरकूच नका. श्रावणात निम्मा ग्रुप अंडंही खात नाही. एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार असेल तर उपासवाले किती ते आधी विचारून ठेवा. नाहीतर दिवसभर चालून आलेला माणूस बाकीच्यांच्या ताटाकडे बघत राजगिऱ्याचा लाडू चघळतो.

३. कुणाबरोबर जाताय?

मित्रांबरोबर जात असाल तर निदान एकाने तरी तो गड पावसाळ्यात केलेला असावा. उन्हाळ्यात केलेला धरू नका, ती वेगळीच वाट असते.

पैसे घेऊन नेणाऱ्या ग्रुपबरोबर जात असाल तर पैसे भरण्याआधी एवढं विचारा: एकूण किती माणसं, त्यात लीडर किती, सगळ्यांत मागे कोण चालणार, प्रथमोपचाराची पेटी कोणाकडे, वाटेतून परत फिरावं लागलं तर जेवणाचं काय. राज्य सरकारच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार अशा आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. तो क्रमांक मागायला लाजू नका. एका आयोजकाने मला 'मॅडम, आमच्यावर विश्वास ठेवा' एवढंच उत्तर दिलं होतं. मी नाही ठेवला.

एकटेच जात असाल आणि ग्रुपमध्ये कुणालाच ओळखत नसाल, तर पिशवीत वाटून खाता येईल असं काहीतरी ठेवा. गूळ-शेंगदाणे, खजूर, घरचे ठेपले, काहीही. पहिल्या थांब्यावर डबा पुढे केला की पुढची ओळख आपोआप होते.

४. आधी जेवण ठरवा, मग बाकीचा दिवस

बहुतेक लोक सकाळपासून पुढे मोजत जातात आणि जेवण 'उतरल्यावर बघू' म्हणून सोडून देतात. मग साडेआठला अंधारात ढाबा शोधायचा, चौदा माणसांना एकत्र बसायला जागा नाही, आणि लोकल गेली. मी दिवस उलटा मोजते.

समजा परतीची नऊच्या सुमाराची लोकल धरायची आहे. मळवलीपर्यंत अंधारात अर्धा-पाऊण तास चालायचं, म्हणजे भाजे गावातून सव्वाआठला निघायचं. पावणेसातला पंगत. त्याआधी हातपाय धुणं, कपडे बदलणं, चहा, म्हणून सहाला गावात पोचायचं. गडाच्या पायथ्याच्या लोहगडवाडीपासून भाजे गाव दीड तास धरा, म्हणजे वाडी साडेचारला सोडायची. माथ्यावरून वाडीपर्यंत पायऱ्या उतरायला पाऊण तास, गर्दीत एक. म्हणून अर्धा तास हाताशी ठेवून दुपारी तीनला, जिथे असाल तिथून, मागे फिरायचं. माथा गाठला नसला तरी. ही तीनची वेळ सकाळी स्टेशनवरच सगळ्यांना सांगून टाका. वर गेल्यावर सांगितली तर कुणी ऐकत नाही. आणि लोकलच्या वेळा बदलतात, त्या आदल्या दिवशी तपासून आपलं गणित आपण मांडा.

जेवणासाठी भाजे गावात आणि लोहगडवाडीत घरगुती सोय होते. मी भाजे गावच धरते, कारण जेवल्यावर फक्त सपाट चाल उरते. आदल्या दिवशी फोन करून आकडा द्या: 'मावशी, चौदा पानं. नऊ शाकाहारी, पाच कोंबडी, एक जण कांदा-लसूण खात नाही.' पानामागे किती ते तेव्हाच विचारा. गावरान कोंबडी हवी असेल तर सकाळी जाताना पक्कं सांगावंच लागतं. ती शिजायला वेळ घेते, आणि आधी ती पकडायची असते.

यातला सगळ्यात मोठा खड्डा: चौदा सांगून दहाच जाणं. तुमच्यासाठी चूल पेटलेली असते, भाकऱ्या थापलेल्या असतात. ज्याला लवकर परतायचं आहे त्याने खुशाल परतावं, पण त्याच्या पानाचे पैसे सकाळीच काढून घ्या.

५. सामान

पाठीवर न्यायचं वेगळं, पायथ्याशी ठेवायचं वेगळं. दोन पिशव्या करा.

पाठीवर:
- दीड-दोन लिटर पाणी. पाऊस असला तरी घाम येतो.
- पोंचो किंवा रेनकोट. छत्री नको, वरच्या वाऱ्यात ती उलटी होते आणि एक हात कायमचा अडकतो.
- शिट्टी. प्लॅस्टिकची, पट्ट्याला बांधलेली, बॅगेच्या तळाशी नव्हे.
- टॉर्च, शक्यतो डोक्याला लावायचा.
- ओआरएसच्या दोन पुड्या, क्रेप बँडेज, स्वतःची नेहमीची औषधं.
- आधार किंवा दुसरं ओळखपत्र, आणि एका कागदावर नाव, रक्तगट, घरच्यांचा नंबर. हे दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून.
- सुटे पैसे. यूपीआयच्या भरवशावर राहू नका, वर रेंज येते-जाते.
- कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी.

पायथ्याशी, म्हणजे सकाळी जाताना मावशींकडे ठेवायच्या पिशवीत: अंतर्वस्त्रांसकट एक पूर्ण कोरडा जोड, टॉवेल, साध्या चपला. हा सगळा मजकूर वाचायचा कंटाळा आला तर निदान ही एक पिशवी लक्षात ठेवा.

बुटांविषयी खूप विचारतात. महागाचे घ्यायची गरज नाही. 'अ‍ॅक्शन ट्रेकिंग'चे साधे बूट घालून अर्धा महाराष्ट्र सह्याद्री चढला आहे. तळव्याला खोल खाचा हव्यात आणि बूट नवेकोरे नकोत, निदान आठवडाभर वापरलेले हवेत. जिमचे गुळगुळीत शूज शेवाळावर साबणासारखे सरकतात. जीन्सबद्दल वर सांगितलंच.

मुलींसाठी वेगळं: वर आडोसा मिळेल या भरवशावर पाणी कमी पिऊ नका, चक्कर येते. सकाळी मावशींकडे थांबतो तेव्हाच जाऊन या. पाळीची तारीख जवळ असेल तर पॅड आणि जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे झिपच्या पिशवीत घ्या. तीच पिशवी परत खाली आणायला उपयोगी पडते.

६. मळवली ते लोहगडवाडी

मळवली हे लोणावळ्याच्या अलीकडचं स्टेशन. मुंबईहून येणाऱ्यांनी लोणावळ्याला उतरून पुण्याकडची लोकल पकडायची. सकाळचीच पकडा, कारण दुपारी लोकल फार कमी असतात.

स्टेशनवर पहिलं काम: प्रत्येकाला नंबर द्या. एक ते चौदा. दिवसभर प्रत्येक थांब्यावर आपापला नंबर ओरडायचा. पहिल्यांदा सगळ्यांना शाळेची सहल वाटते. आयटीतला एक मोठा साहेब आमच्यात आला होता, त्याला सात नंबर मिळाला. दुपारपर्यंत तो सगळ्यांत मोठ्याने 'सात!' ओरडायला लागला होता.

एक्सप्रेसवेवरचा पूल ओलांडून भाजे गावात या, पिशव्या ठेवा, जेवणाचा आकडा पुन्हा एकदा पक्का करा. गावाच्या वर डोंगरात भाजे लेणी आहेत, इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकापासूनची. पुरातत्त्व खात्याचं तिकीट काढून आत जाता येतं. चैत्यगृहाच्या छताला अजून जुन्या लाकडी फासळ्या आहेत, त्या बघाच. मात्र लेण्यांना एक तास दिलात तर तो गडाच्या वेळेतून जातो. ते उलटं गणित आठवा.

गायमुख खिंडीपर्यंत वाट सोपी पण चढाची आहे. इथेच नवखे दमतात, कारण पहिल्या अर्ध्या तासात जोर दाखवतात. बोलता बोलता धाप लागत असेल तर वेग जास्त आहे, एवढी एकच खूण पुरते.

७. धुक्यात

आपण ज्याला धुकं म्हणतो ते खरं तर ढगच. समुद्रावरून आलेला वारा घाटाला अडून वर चढतो आणि त्यातलं बाष्प इथे थंड होऊन त्याचा ढग होतो. लोहगडाचा माथा हजार मीटरच्या थोडा वर, म्हणजे बरोबर त्या ढगात. त्यामुळे खालून आकाश मोकळं दिसलं तरी वर दहा पावलांपुढचं दिसत नाही, असं कायम होतं.

आता विसापूरची गोष्ट. आम्ही सहा जण होतो, लीडर कुणीच नव्हतं, सगळेच हुशार. पठारावर एका पाण्याच्या टाक्यापाशी बसून उकडलेली अंडी खाल्ली. उठलो तर धुकं उतरलेलं. 'आलो तिकडूनच जायचं ना' म्हणत सरळ चालायला लागलो. चाळीस मिनिटं चाललो. समोर एक टाकं आलं. मी म्हटलं, अरे, याच्यासारखंच आणखी एक टाकं आहे इथे! तेवढ्यात गवतात अंड्यांची टरफलं दिसली. आमचीच. कचरा उचलला नाही म्हणून स्वतःची लाज वाटावी, की त्यामुळेच कळलं म्हणून हायसं वाटावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. सरळ चालतोय असं वाटत असताना माणूस गोल फिरतो. त्या दिवशी एका गुराख्याने आम्हाला खाली आणलं. तो इरलं पांघरून गुरांमागे निवांत चालला होता. आम्ही वाट विचारली तर म्हणाला, 'कड्याकडं कुठं चाललाय?'

तेव्हापासूनचे माझे नियम:

पुढच्याची पाठ दिसली पाहिजे आणि मागच्याचा चेहरा दिसला पाहिजे. दोन्हींपैकी एक दिसेनासं झालं की थांबायचं, हाक मारायची.

सगळ्यांत हळू चालणाऱ्याला मागे नाही, लीडरच्या मागे दुसऱ्या क्रमांकावर ठेवायचं. त्याच्या वेगाने ग्रुप चालतो. बाकीचे कुरकुरतात, कुरकुरू द्या. शेवटी चालणारा मात्र वाट माहीत असलेला हवा.

एक लांब शिट्टी म्हणजे थांबा, तीन शिट्ट्या म्हणजे मदत हवी. हे स्टेशनवरच सांगा, आणि रील बनवताना गंमत म्हणून कुणी शिट्टी वाजवणार नाही हेही.

चुकलात असं वाटलं तर जागचे हलू नका. धुकं एकसारखं राहत नाही, वारा आला की मिनिटभर तरी फाटतं. नकाशा फोनवर आधीच उतरवून ठेवा, रेंज नसली तरी जीपीएस चालतं. तरीही वाट सापडत नसेल तर ११२ या आपत्कालीन नंबरवर फोन करा. कुठे आहोत ते सांगता येईल अशी खूण डोक्यात ठेवा: कुठला दरवाजा शेवटचा ओलांडला, टाकं लागलं का, तटबंदी कुठल्या हाताला आहे.

कड्याच्या टोकाशी फोटो नाही. धुक्यात गवत संपतं कुठे आणि दरी सुरू होते कुठे ते दिसत नाही.

आणि विंचूकाटा. लोहगडावरून निघालेली ही लांबच लांब अरुंद सोंड, वरून विंचवाच्या नांगीसारखी दिसते म्हणून हे नाव. तिच्यावर जायला एक छोटा कातळटप्पा उतरावा लागतो. कोरड्यात काहीच नाही, पावसात शेवाळलेला. नव्या लोकांना मी तिथे नेत नाही. अलीकडच्या टोकावर बसवते. धुकं फाटलं तर खाली पवना धरणाचं पाणी दिसतं, पलीकडे तुंग आणि तिकोना. दहा सेकंद. कॅमेरा काढेपर्यंत पुन्हा पांढरं.

८. उतरताना

चढताना दम जातो, उतरताना गुडघे आणि अक्कल. जेवणाच्या ओढीने लोक पळतात आणि बहुतेक घसरणं इथेच होतं. पाऊल आडवं टाका, ओल्या गुळगुळीत दगडापेक्षा खडबडीत जागा बघा, आणि दुसऱ्याचा हात धरून दोघांनी एकदम उतरू नका. एक घसरला की दोघे जातात. वाटेतल्या धबधब्यात 'फक्त पाच मिनिटं' नकोच. पाणी गढूळ झालं किंवा काड्या-पाला वाहून यायला लागला तर वर पाऊस पडतोय, लगेच बाहेर.

गावात आल्यावर पुन्हा नंबर. चौदा आला की मगच बूट सोडा.

९. पंगत

बूट बाहेर, चिखलाचे पाय मोरीवर किंवा अंगणातल्या पिंपापाशी धुवा. ओले कपडे बदलल्याशिवाय घरात टेकू नका. जमीन सारवलेली असेल तर तुमच्या ओल्या पँटचा ठसा उमटतो, मी उमटवलेला आहे.

सहा-सात तास चालल्यावर मांडी घालून बसणं ही वेगळीच चढाई असते. आधी अंगणात दोन मिनिटं पोटऱ्या ताणा. नाहीतर दुसऱ्या भाकरीला पायात गोळा येतो आणि ताट घेऊन उभं राहावं लागतं.

ताटात साधारण पिठलं, भाकरी, ठेचा, कांदा, आमटी आणि इंद्रायणीचा भात. हा तांदूळ मावळाचाच, वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातला. चिकट, मऊ, वास असा की आमटी वाढेपर्यंत निम्मा कोरडाच संपतो. म्हणून पहिल्यांदाच चार भाकऱ्या घेऊ नका. भाकरी तव्यावरून एकेक येते, गरम येते, संपत आली की पुढची येते. सगळ्यांनी एकदम मागितल्या तर चुलीपाशी बसलेल्या बाईची तारांबळ होते. दोघांनी उठून वाढायला मदत करावी. हे काम मी मुद्दाम नव्या माणसाला देते. 'तुम्हाला अजून पिठलं?' असं तेरा जणांना विचारून झालं की ओळख करून द्यायची गरज उरत नाही. वर्तुळात बसून 'आपापलं नाव आणि छंद सांगा' वगैरे तर कृपा करून करू नका.

दारू न्यायची नाही. ते कुणाचं तरी घर आहे, आत लेकरं अभ्यास करत असतात. पानात टाकू नका, थोडं-थोडं घ्या. आणि मावशी 'अजून एक घ्या की, एवढं चालून आलाय' म्हणतात तेव्हा एकदा नाही म्हणायचं, दुसऱ्यांदा घ्यायची.

१०. कॉन्ट्री, लोकल आणि बूट

कॉन्ट्री, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याचे पैसे, जेवणाआधी गोळा करा, रोख. जेवल्यावर सगळे सुस्तावतात आणि 'उद्या जीपे करतो' सुरू होतं, मग आठवडाभर एकट्या बाईने मेसेज करत बसायचं. ठरलेल्या दराच्या वर काही द्यायचं असेल तर सगळ्यांचं मिळून एकदाच मावशींच्या हातात द्या.

मळवलीकडे चालताना टॉर्च पेटते ठेवा, रस्त्यावर गाड्या असतात. फलाटावर शेवटचे नंबर. मग घरी पोचलेल्याने ग्रुपवर फक्त आपला नंबर टाकायचा. चौदाही येईपर्यंत मी झोपत नाही.

बूट त्याच रात्री धुवा. आतले सोल काढून वेगळे ठेवा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि सकाळी बोळे बदला. पंख्याखाली दोन दिवसांत वाळतात. गॅसजवळ किंवा हीटरसमोर ठेवू नका, डिंक सुटतो. माझा डावा बूट तसाच उघडला होता, पुढच्या ट्रेकला, दुसऱ्या दरवाजापाशी.